एकाच रंगाचा चित्रकार : जिव्या सोमा म्हसे

वारली चित्र ओळखता येत नाही असा माणूस महाराष्ट्रात आता क्वचितच सापडेल. साडीचा काठ, चहाचा कप, शाळेची कुंपणभिंत, रेल्वे स्थानकाचा जिना, लग्नाची पत्रिका. दोन त्रिकोणांची ती पांढरी माणसे सगळीकडे हात धरून नाचत असतात. पण त्या माणसांना कुडाच्या भिंतीवरून उतरवून कागदावर आणणाऱ्या चित्रकाराचे नाव विचारले, तर बहुतेकांना थांबावे लागते.

त्या चित्रकाराचे नाव जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४, गाव धामणगाव, तालुका तलासरी. आयुष्य गेले ते शेजारच्या डहाणू तालुक्यात, गंजाड गावाच्या कळंबीपाड्यावर. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. चार दशकांहून अधिक काळ म्हसे यांनी मुख्यतः एकाच रंगात चित्रे काढली. खाली गेरूचा तांबूस किंवा शेणाचा काळपट लेप आणि त्यावर पांढरा. बस्स.

हा धागा त्या पांढऱ्या रंगाचा आहे. तो कोठून आला, त्याची किंमत काय होती आणि तो एका माणसाच्या हाती आल्यावर त्याचे काय झाले, हे पाहायचे आहे.

सुरुवात लग्नघरापासून करावी लागते. वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या आतल्या भिंतीवर ‘चौक’ लिहिला जातो. लक्षात घ्या, चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. भिंत कारवीच्या काड्यांचा कूड विणून त्यावर शेणमाती लिंपलेली. तिच्यावर गेरूचा हात फिरवलेला. तांदूळ भिजवून वाटायचा, ते पीठ पाण्यात कालवायचे, काडीचे टोक चावून मऊ करायचे, की कुंचला तयार. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी, आणि विधीची गाणी म्हणणारी धवलेरी, तीही स्त्रीच. चौकोनाच्या कडांना नक्षीचे पट्टे एकात एक बसवत नेतात आणि मध्ये येते पालघट देवी. भरून सांडणारा घट, त्यातून फुटणारी वनस्पती, सुफलतेची देवता. शेजारच्या लहान चौकात पाचशिऱ्या देव. चौक लिहून झाल्याशिवाय लग्न लागत नाही.

म्हणजे मुळात हे चित्र सजावट नव्हते. ते एक कृत्य होते. देवीने घरात येऊन बसावे म्हणून तिच्यासाठी मांडलेली जागा होती. लग्न पार पडले की चौकाचे काम संपले. पुढे पावसाळी ओल, चुलीचा धूर आणि नव्याने दिलेला शेणाचा हात यांनी तो हळूहळू पुसला जाई. कोणी तो जपून ठेवत नसे, आणि त्याखाली कोणी नावही घालत नसे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘वारली चित्रकला साडेचार हजार वर्षे जुनी आहे’ असे विधान समाजमाध्यमांवर नित्य फिरत असते. भिंतीवरच्या आकृत्या आणि मध्य भारतातील शैलचित्रांतील आकृत्या यांत साम्य दिसते, एवढा त्याचा आधार. साम्य खरे आहे. पण जे चित्र काही वर्षांत पुसले जाते, त्याचा शेकडो वर्षांपूर्वीचा नमुना हाती कसा लागणार? साम्यावरून तर्क करता येतो, तारीख देता येत नाही. परंपरा जुनी आहे, एवढे म्हणून थांबावे. तिचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी चार हजार वर्षांच्या आकड्याची गरजही नाही.

आता त्या लग्नाची किंमत.

डहाणू-तलासरीच्या इतिहासात ‘लग्नगडी’ हा शब्द येतो, आणि तो एकदा समजला की चौकाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. वारल्यांच्या जमिनी एकोणिसाव्या शतकापासून सावकार आणि जमीनदारांच्या हाती जात राहिल्या होत्या. लग्न करायचे तर कर्ज काढावे लागे, आणि कर्ज देणारा तोच जमीनदार. फेड पैशांत होणे शक्य नव्हते. ती श्रमात होई. कर्ज घेणारा तरुण जमीनदाराच्या घरी राबू लागे, त्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही. हिशेब जमीनदाराच्या वहीत आणि वही न वाचता येणारा वारली. ज्या काही शेकडा रुपयांतही मोजता येणार नाही अशा रकमेपायी जोडपे वर्षानुवर्षे अडकून पडे. लग्नाच्या मांडवात आपण गुलाम होत आहोत हे नवऱ्याला ठाऊक असे.

या वेठीविरुद्ध १९४५ साली उठाव झाला. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी (तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात) हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवले, की वेठ करायची नाही, दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतात पाऊल ठेवायचे नाही, लग्नगड्यांना सोडवायचे. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्याचे नेतृत्व करीत होते. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. पण वेठ मोडली ती मोडलीच. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही कहाणी लिहिली. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी हा धागा बाजूला ठेवून आधी ते वाचले तरी चालेल.

जिव्या म्हसे तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्याच वयात ते तलासरीतील धामणगाव सोडून डहाणूतील कळंबीपाड्यावर राहायला आले. उठावात त्या मुलाचा काही भाग होता असा दावा येथे नाही. सांगायचे ते एवढेच, की ज्याला आपण आज ‘निसर्गाशी एकरूप, आनंदी आदिवासी जीवनाचे चित्रण’ म्हणतो, ते काढणारा माणूस अशा मुलखात आणि अशा काळात वाढला. त्याच्या चित्रातली नाचणारी माणसे म्हणजे दुःख ठाऊक नसलेली माणसे नव्हेत.

घरचे दुःखही होते. म्हसे सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्यानंतर या मुलाने बोलणे जवळजवळ सोडून दिले आणि जे सांगायचे ते तो मातीत, धुळीत रेघा ओढून सांगू लागला, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. पाड्यावर त्याला त्यामुळे एक वेगळे स्थान मिळाले. ही कथा वारंवार सांगितली गेली आहे, आणि वारंवार सांगितलेल्या कथेला थोडा मुलामा चढतोच. तरी तिच्यातील एक तपशील मोलाचा आहे : धुळीतील रेघ. धूळ म्हणजे एकच पार्श्वभूमी आणि बोट म्हणजे एकच रेषा. रंग नाही, छटा नाही, खोडायला हाताचा तळवा. पुढे जे काही या चित्रकाराने केले त्याची बीजे शोधायचीच असतील, तर लग्नाच्या भिंतीइतकीच या धुळीतही शोधावी लागतील.

चौक लिहिणे बायकांचे काम. पुरुषाने काडी हातात घेण्याची रीत नव्हती. मग हा पुरुष चित्रकार झाला कसा?

येथे भास्कर कुलकर्णी येतात. मराठी कलाविश्वातले हे एक विलक्षण, आणि बऱ्याच अंशी विसरले गेलेले नाव. १९६६-६७ साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय हस्तकला मंडळाने कुलकर्णींना मिथिलेत पाठवले होते. तेथील स्त्रिया घराच्या भिंतींवर जी चित्रे काढीत, ती त्यांनी कागदावर काढावीत, म्हणजे ती विकता येतील आणि घरात चार पैसे येतील, अशी योजना होती. आज जगभर ‘मधुबनी’ म्हणून ओळखली जाणारी कागदावरची चित्रे त्यातून पुढे आली. हेच काम घेऊन कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या आरंभी डहाणूच्या पाड्यांवर आले. सोबत कागद, गेरू आणि पांढरा रंग.

त्यांना अपेक्षा होती की मिथिलेप्रमाणे इथेही बायका पुढे येतील. पण वारली स्त्रिया संकोचल्या. भिंत ही देवीची. कागद कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या मनात नसेलच असे नाही. पुढे आले ते जिव्या म्हसे. आणि त्यांनी एक गोष्ट केली जी परंपरेत त्याआधी घडली नव्हती. ते रोज चित्र काढू लागले. लग्न असो वा नसो, मुहूर्त असो वा नसो.

हा बदल बाहेरून लहान दिसतो. कलेच्या इतिहासाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. विधीतले चित्र जसे लिहायचे तसेच लिहावे लागते. चौकाची चौकट बदलली तर देवी बसणार नाही. रोजच्या चित्राला असे बंधन नाही. त्याला चौकट नाही, देवी मध्येच असावी असा दंडक नाही, उद्या वेगळे करून पाहण्याची मुभा आहे. चौकाच्या कडेला दाटीवाटीने असणारी झाडे, माणसे, मोर, मुंग्या, शेतीची कामे आता कागदभर मोकळी सुटली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात ही चित्रे लागली. १९७६ मध्ये म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी त्यांची चित्रे फ्रान्समधील माँताँ येथे पोहोचली. कळंबीपाडा ते भूमध्य समुद्राचा किनारा, पाच-सहा वर्षांत.

आता खुद्द चित्राकडे.

वारली चित्राचे मूळ आकार तीन : वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. वर्तुळ सूर्य-चंद्राचे, त्रिकोण डोंगराचा आणि झाडाच्या शेंड्याचा, अशी त्यांची उपपत्ती नेहमी सांगतात. चौकोन मात्र निसर्गात कोठे दिसत नाही. तो माणसाने आखलेला, देवासाठी किंवा शेतासाठी राखलेला तुकडा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे धड होते. या आकृतीकडे नीट पाहिले तर तिचे गुपित उमगते. सगळे शरीर एका बिंदूवर तोललेले आहे. कंबर म्हणजे केवळ स्पर्शबिंदू. अशी आकृती स्थिर उभी राहूच शकत नाही. ती कोठेतरी कलणार, वळणार, वाकणार. म्हणून वारली माणूस उभा असला तरी चालतो आहे असे वाटते. चेहरा नाही, डोळे नाहीत, वय नाही, तरी कोण कापणी करतो आहे, कोण दमला आहे, कोण रुसून बाजूला उभा आहे हे कळते. सारे काम तोल करतो.

यालाच अमूर्तीकरण म्हणतात. वस्तूचे दिसणे वजा करत जायचे आणि तिचे वागणे शिल्लक ठेवायचे. युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रकारांनी मोठ्या वैचारिक घुसळणीनंतर भूमितीच्या आकारांकडे धाव घेतली. वारली स्त्रियांकडे ही भूमिती आधीपासूनच होती, आणि तिच्यासाठी त्यांना जाहीरनामा लिहावा लागला नाही. तरी दोन्ही गोष्टी एकच आहेत असे म्हणणे घाईचे ठरेल. युरोपीय चित्रकार दिसणाऱ्या जगापासून दूर जाण्यासाठी अमूर्ताकडे गेला. वारली आकृती जगापासून दूर जात नाही. तिच्यात भात, बैल, ताडी, कोंबडी सगळे जसेच्या तसे हजर असते.

म्हसे यांनी या वारशात भर घातली ती गतीची. त्यांच्या मुलाखतींतून त्यांची जी धारणा नोंदली गेली आहे तिचा आशय असा, की माणसे, पशू, पक्षी, किडेमुंग्या, सारे काही रात्रंदिवस हलत असते आणि हे हलणे म्हणजेच जीवन. हे वाक्य वाचायला साधे आहे. पण ते चित्राच्या तंत्राला लागू केले की त्याची धार दिसते. सगळेच हलत असेल तर चित्राला मध्य कशाला? मुंगीला माणसापेक्षा लहान महत्त्व कशाला? झाडाचे पान आणि पक्ष्याचे पंख वेगळ्या रेषेने का काढावेत? म्हसे यांच्या मोठ्या चित्रांत नजर एका जागी टेकत नाही. ती रेषेबरोबर सरकत राहते.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र याचे सर्वोत्तम उदाहरण. हा विषय त्यांनी पुन्हा पुन्हा हाताळला. जवळजवळ सगळा पृष्ठभाग एका प्रचंड जाळ्याने व्यापलेला असतो. बारीक, केसासारख्या पांढऱ्या रेषांची हजारो छिद्रे. ती कोठे दाटतात, कोठे सैल पडतात, पाण्याच्या ओढीने जाळे फुगते. माणसे कडेला, इवलीशी. चार पावले मागे गेले की मासे, माणसे, नदी सगळे विरून जाते आणि उरतो फक्त श्वास घेणारा पांढरा पोत. पुन्हा जवळ गेले की जाळे परत जाळे होते. हे चित्र अमूर्त आहे की वास्तवदर्शी? पाहणारा किती अंतरावर उभा आहे यावर ते ठरते. एवढे साधे आणि एवढे अवघड उत्तर फार थोड्या चित्रकारांनी दिले आहे.

तारपानृत्याचे आवर्तही असेच. वाळलेला भोपळा आणि बांबू यांचे केलेले तारपा हे वाद्य. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती. तारप्याकडे पाठ करायची नाही हा नियम. रांगेचे शेवटचे टोक मोकळे असते. वर्तुळ मिटत नाही. लग्नाचा चौक चारही बाजूंनी बंद असतो आणि तारप्याचे आवर्त उघडे. म्हसे यांच्या चित्रांत चौकोनापेक्षा आवर्ताचे राज्य आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आणि रंग एकच का? सोयीचे उत्तर असे, की हाताशी तांदूळ होता म्हणून. ते खोटे नाही. पण तांदूळ म्हणजे नुसते रंगद्रव्य नव्हे. वारल्यांची कणसरी ही धान्याचीच देवता. जे शेतात पिकते, जे शिजते आणि ज्याच्यासाठी जमीनदाराच्या बांधावर राबावे लागत होते, त्याच धान्याने भिंतीवर देवी लिहिली जाते. पांढरा रंग निवडलेला नाही, तो पिकवलेला आहे. पुढे कागदावर आणि कापडावर म्हसे तयार पांढरा रंगही वापरू लागले. शेणाचा किंवा गेरूचा लेप मात्र राहिला. बाजारात सर्व रंग मिळू लागल्यावर, परदेशी संग्राहक दारात उभे राहिल्यावरही, त्यांनी पसारा वाढवला नाही. एका रंगात छटा देता येत नाही, म्हणून जवळ-दूर, हलके-जड, दिवस-रात्र हे सगळे रेषेच्या दाटीने आणि ठिपक्यांच्या अंतराने दाखवावे लागते. मर्यादेने हाताला शहाणे केले.

येथे वासुदेव गायतोंडे आठवणे स्वाभाविक आहे. १९२४ साली नागपूरला जन्मलेले, मूळ गोव्याचे, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणणे त्यांना पसंत होते. १९८४ च्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासपासून दूर राहावे लागले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटने केली. पांढऱ्या कागदावर काळ्या खुणा, कोणत्याही लिपीत न बसणाऱ्या लिपीसारख्या. एक काळ्याने पांढऱ्यावर, दुसरा पांढऱ्याने काळपट लेपावर. एक दिल्लीच्या एकांतात, दुसरा डहाणूच्या पाड्यावर माणसांच्या गराड्यात. दोघे समकालीन, दोघांचीही मुळे मराठी मुलखाशी जोडलेली, आणि तरी भारतीय कलेच्या इतिहासात एकाला ‘आधुनिक’ विभागात जागा मिळते आणि दुसऱ्याला ‘आदिवासी कला’ विभागात. ही दोन दालने वेगळी का?

हा प्रश्न सर्वांत नेटाने विचारला तो चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी. १९८२ साली भोपाळला भारत भवन सुरू झाले, तेव्हा त्यांनी शहरी आणि आदिवासी कलाकारांची कामे एकाच संस्थेच्या छताखाली मांडली. आदिवासी चित्रकार हा भूतकाळाचा अवशेष नाही, तो आपला समकालीन आहे, ही त्यांची भूमिका. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने ‘पृथ्वीवरचे जादूगार’ अशा अर्थाच्या नावाचे प्रदर्शन भरवले. त्यात जगभरच्या नामवंतांबरोबर म्हसेही होते. हेतू समानतेचा होता, पण ‘जादूगार’ या शब्दाने आफ्रिका-आशियातल्या कलावंतांना पुन्हा गूढतेच्या धुक्यात ढकलले, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. ती रास्त आहे. १९९८ मध्ये ज्योतींद्र जैन यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात केलेली मांडणी अधिक नेमकी होती : लोक आणि आदिवासी परंपरेतील पाच कलावंत, प्रत्येकाचे नाव आणि प्रत्येकाची स्वतंत्र वाट. म्हसे त्या पाचांत होते. ‘वारली शैली’ असे न म्हणता ‘म्हसे यांची शैली’ म्हणणे तेथे शक्य झाले.

२००३ साली एक अनपेक्षित जोडी जमली. इंग्लंडचे रिचर्ड लाँग हे चालण्यातून कला करणारे कलावंत. १९६७ मध्ये गवतावरून पुन्हा पुन्हा चालून उमटलेल्या पायवाटेचे छायाचित्र हीच त्यांची प्रसिद्ध कलाकृती. दगडांची वर्तुळे, चिखलाने माखलेल्या हाताचे ठसे, सरळ रेघा. एर्व्हे पेर्द्रियोल या फ्रेंच अभ्यासकाच्या पुढाकाराने लाँग वारली मुलखात आले, तेथे हिंडले, तेथल्या जमिनीवर त्यांनी कामे केली, आणि दोघांचे एकत्र प्रदर्शन जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे भरले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण एकाचे वर्तुळ पायांनी काढलेले आणि दुसऱ्याचे काडीने. दोघांचा माल मातीच.

सन्मान पुढेही येत राहिले. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे मुलगेही चित्रकार झाले. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगडच्या पाड्यांवर अनेक तरुणांनी कुंचला हाती घेतला आणि चित्रावर घर चालते हे एका पिढीने पाहिले. ज्या मुलखात लग्नाच्या चौकापायी माणसे गहाण पडत होती, तेथे चौकातली माणसेच पोट भरू लागली.

नुकसानही सांगितले पाहिजे. चौक लिहिणाऱ्या बायकांची नावे इतिहासात नाहीत. म्हसे यांना जी भूमिती वारशाने मिळाली ती याच हातांची. बाजार तयार झाला तेव्हा मात्र पुढे आले बहुतांशी पुरुष. स्त्रियांनी राखलेली कला पुरुषाच्या हाती गेल्यावरच ‘कला’ ठरली, हा आक्षेप सहज झटकता येणारा नाही. त्यात म्हसे यांचा दोष नाही. पण त्यांच्या थोरवीची गोष्ट सांगताना हे वाक्य वगळले तर ती अर्धीच राहते. दुसरीकडे, कोणत्याही कपावर छापायला मोकळी अशी ही नक्षी झाली. वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी छापील त्रिकोणांचा ओघ थांबलेला नाही. त्या छापील माणसांत एक गोष्ट हमखास चुकते. त्यांचे त्रिकोण सारखे असतात, म्हणून ती ताठ उभी राहतात. हलत नाहीत.

आणि जमीन. १९७६ च्या राष्ट्रीय पुरस्कारानंतर म्हसे यांना सरकारकडून जमिनीचे आश्वासन मिळाले होते. पॅरिस झाले, ड्युसेलडॉर्फ झाले, चित्रे संग्रहालयांत जाऊन बसली. जमीन कागदावरच होती. पाठपुरावा करता करता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. ती मिळाली तेव्हा म्हसे पंचाहत्तरीच्या आसपास होते. वारली माणूस आणि जमीन यांच्यामध्ये सरकारी कागद कसा उभा राहतो, याचा अनुभव पद्मश्रीच्या यादीत असलेल्या वारल्यालाही चुकला नाही.

१५ मे २०१८ रोजी गंजाडला त्यांचे निधन झाले. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. ते दिवस लग्नसराईचे असतात; गेरूच्या भिंतींवर तांदळाचे चौक लिहिले जाण्याचे.